सळई गार होईपर्यंत

या, असे पुढं सरकून बसा. मागं खांबाला टेकून एक कान इकडं नि एक कान दाराकडं ठेवणाऱ्यांनीही पुढं यावं. ही गोष्ट लांबून ऐकायची नाही. समोर उदबत्ती जळते आहे, ती विझेपर्यंत एका बाईची गोष्ट सांगतो. गोष्ट देव्हाऱ्यातली नाही, उकिरड्यातली आहे. नाक मुरडू नका. तुळशीला ज्यानं वास दिला त्यानंच उकिरड्यालाही दिला, आणि तो विनाकारण काही देत नाही.

बाईचं नाव सुमित्रा. माणदेशातल्या कोरड्या माळावरची. वडील कीर्तनात बुवांच्या मागं टाळ धरून उभे राहायचे, आणि ही पोर पहिल्या रांगेत मांडी घालून बसायची. नवरा मुरलीधर. पुण्याकडं कोंबड्यांच्या कामात तरबेज झालेला गडी, म्हणून पार चंडीगडच्या कडेला बेरीवाली नावाच्या खेड्यात पोल्ट्रीवर सुपरवायझर होऊन आला. शहराचे सरळ रेघेतले सेक्टर जिथं संपतात तिथून दोन कोसांवर हे गाव. मागं शिवालिकचे डोंगर, पुढं भाताची शेतं, आणि मधून एक ओढा. पाऊस असेल तेव्हा वाहणारा, एरवी वाळूचा. तिकडं त्याला चो म्हणतात. चोच्या काठावर गावचा छोटा गुरुद्वारा, गुरुद्वाऱ्याच्या अंगणात हापसा. त्या हापशाचं पाणी इतकं गोड, की गावात दोन विहिरी असूनही लंगरची डाळ त्याच पाण्यात शिजायची.

आणि हापशापासून हाकेच्या अंतरावर पोल्ट्री. चार लांबलचक शेड, वीस हजार पक्षी. पिंजऱ्यात जन्म, पिंजऱ्यात अंडी, पिंजऱ्याखाली घाण. घाणीला पहिल्यापासून एक वाट होती. गावातलाच गुरमेल नावाचा ड्रायव्हर ट्रक भरून ती दूर जालंधरकडच्या बटाटेवाल्यांना पोचवायचा. पण ते साल नव्वदचं, दहशतवादाच्या दिवसांतलं. पंजाबात कधी बंद, कधी कर्फ्यू, कधी रस्त्यात उभा जळणारा ट्रक. श्रावणात गुरमेलच्या पुढचाच ट्रक पेटवला गेला. तो तसाच मागं वळला, ट्रक घरासमोर उभा केला, ताडपत्री घडी करून ठेवली आणि म्हणाला, "बस. हुण नहीं." आता नाही, म्हणजे नाहीच. शेडमधली बिहारी माणसंही भिऊन गावाकडं निघून गेली. उरले मुरलीधर, सुमित्रा आणि घाण.

दोघं पहाटे फावडं-घमेलं घेऊन आत शिरायची. वाफेनं डोळे चुरचुरायचे, घसा खरवडून निघायचा. तोंडाला फडकं बांधलं तर घामानं भिजून नाकाला चिकटायचं. भादवा सरेपर्यंत शेडमागचा ढीग छपराला टेकत आला. त्यावर माश्या अशा, की पांढरी भिंत काळी दिसावी. भाकरी थापताना एका हातानं पीठ आणि एका हातानं माशी. पोरगी रागिणी चौथीत होती. ती दप्तर टाकून म्हणायची, "मम्मी, क्लास में सब मुझे मुर्गीखाना बुलाते हैं."

"बुलाऊ देत. अंडी खाताना न्हाई वाटत त्यास्नी?"

"मम्मी, हिंदी में बोल ना."

"मराठीत कळतंय तुला. मराठीतच रड."

शेजारी बचिंत कौरचं अडीच एकर शेत. हीच गुरमेलची आई. साठीची बाई, ताठ कण्याची, पांढऱ्या ओढणीची, जिभेची धारदार. सगळ्या गावासारखी सुमित्राही तिला बीजी म्हणायची, आणि बीजी हिला म्हणायची 'बंबईवाली'. सुमित्रानं मुंबई जन्मात पाहिली नव्हती. बीजीचं अर्धं शेत भाताचं, अर्धं फ्लॉवरचं. माश्यांनी तिची म्हैससुद्धा दूध चोरायला लागली होती, तरी एवढ्या दिवसांत तिनं तक्रारीचा शब्द काढला नव्हता. सुमित्राला त्याचीच लाज वाटायची. आणि त्या लाजेपोटी तिनं एक चूक केली.

आता ही चूक माणदेशातलंच माणूस करणार. आपल्याकडं धनगर वावरात मेंढरं बसवतात. रात्रभर कळप बसतो, सकाळी ताज्या लेंड्या तिथंच नांगरात जातात, आणि त्या वर्षी जोंधळा डोक्याच्या वर जातो. ताजं तेच चांगलं, असं सुमित्रानं लहानपणापासून डोळ्यांनी पाहिलेलं. मुरलीधर दाण्याच्या पोत्यांसाठी शहरात गेला होता. हिनं वीस पाट्या ताजं कोंबडीखत डोक्यावर वाहून नेलं आणि बीजीच्या फ्लॉवरच्या बुडाशी अगदी ओंजळीनं घातलं. वर पाणी सोडलं.

"बीजी, देखना, आता कसा गड्डा भरतोय!"

"वाहेगुरू तेरा भला करे, बंबईवालिए," बीजी म्हणाली आणि तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

चौथ्या दिवशी पानांच्या कडा तांबूस झाल्या. आठव्या दिवशी पानं कागदासारखी चुरली. फ्लॉवरच्या ओळी अशा दिसत होत्या, जसे कुणी मधून निखारे ओढत नेले असावेत.

मुरलीधरनं ते पाहिलं आणि डोक्यावर हात मारला. "अगं सुमे, ह्ये मेंढराचं न्हवं! कोंबडीची घाण म्हंजी जाळ असतोय जाळ. मला इचारायचंस तरी."

"तुमी हुता कुठं?"

"आनि म्या असतो तर इचारलं असतंस?"

बीजी बांधावर उभी होती. एक जळका गड्डा उपटून तिनं सुमित्राच्या हातात दिला आणि एवढंच म्हणाली, "माश्या सोसल्या. वास सोसला. अब ये भी साड दित्ता तूने." जळालं, असं तिला म्हणायचं होतं, ते पंजाबी न येणाऱ्यालाही कळलं असतं. त्या दिवसापासून तिनं बोलणं टाकलं.

याच आठवड्यात मालकाचा फोन आला. मालक गडबड सुरू झाल्यापासून दिल्लीत राहायचा. गावच्या रेशन दुकानातल्या फोनवर हुकूम द्यायचा. म्हणाला, ढीग छपराला लागला तर पक्षी मरतील, पक्षी मेले तर तुझी नोकरी मेली. पाण्याचा पाइप लाव आणि सगळं चोमध्ये सोड. गावात बंद आहे, कोण बघतंय?

मुरलीधर दोन दिवस पाइप उचलून पुन्हा खाली ठेवत राहिला. तिसऱ्या दिवशी बंद होता, गाव दारं लावून आत होतं. भर दुपारी त्यानं मोटर चालू केली. काळसर-हिरवा लगदा उतारानं फेस काढत वाळूत शिरला. वाळू बिचारी काय, द्याल ते पिते. तीन दुपारी हेच चाललं. सुमित्रा चुलीपाशी बसून मोटरीचा आवाज ऐकत होती. फ्लॉवर जाळलेल्या बाईनं नवऱ्याला कुठल्या तोंडानं बोलावं?

पंधरा दिवसांत हापशाच्या पाण्याला वास आला. आधी सकाळच्या पहिल्या बादलीला, मग दिवसभर. गावातली पोरं पोट धरून बसायला लागली. रागिणीला तर चार दिवस उठवेना. ओठ सुकले, डोळे खोल गेले. मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं पाजताना सुमित्राच्या ध्यानात आलं, की हे पाणीही त्याच हापशाचं.

तिला एकच जागा आठवली. चंडीगडातल्या मराठी माणसांच्या भजनाला महिन्यातून एकदा ती जायची. तिथल्या विनयाताई इस्पितळाच्या प्रयोगशाळेत होत्या, अकोल्याकडच्या. सुमित्रानं बाटली उकळून घेतली, हापशाचं पाणी भरलं, बूच लावलं आणि बसमध्ये बसली. सेक्टरच्या तोंडाशी नाका लागला. सगळ्यांना खाली उतरवलं. पोलिसानं काठीचं टोक तिच्या पिशवीला लावलं.

"ये क्या है?"

"पानी है जी. जांचने को इस्पताल ले जाती."

"पानी को इस्पताल?" तो हसला, बाकीचेही हसले. "क्यों, पानी बीमार है?"

"हां जी," सुमित्रा म्हणाली.

त्याचं हसू थांबलं. दिवसच तसे होते. बाटलीत काय असेल याचा भरवसा नव्हता. "पी के दिखा."

बसभर माणसं बघत होती. सुमित्रानं बूच काढलं. वास नाकात शिरला, तशी तिनं डोळे मिटले आणि एक घोट घेतला. गिळला. पोलिसानं मान वळवून हातानं 'जा' म्हटलं. ती बसमध्ये परत चढली. तिनं पदर तोंडात धरला आणि बाटली छातीशी.

विनयाताईंनी तीन दिवसांनी सांगितलं, "सुमित्राताई, घाण थेट खालच्या पाण्यात पोचली आहे. उकळून जंतू मरतील, पण त्यात जे विरघळलंय ते उकळून जात नाही. लहान पोरांना अजिबात देऊ नका. आणि वरून सोडणं बंद करा. दुसरं औषध नाही."

"बंद केलं तर पाणी सुदारंल?"

"सुधारेल. पण वर्ष, दोन वर्षं लागतील. जमिनीला घाई नसते हो."

घरी आल्यावर तिनं मुरलीधरपुढं ताट वाढलं आणि पाण्याचा तांब्या ठेवला. हापशाच्या पाण्याचा. त्यानं तोंडाला लावला आणि थुंकला.

"आवं, थुकू नगा. म्या आज पोलिसापुढं पिऊन दावलंय. गावाची पोरं रोज पित्यात. तुमी बी प्या."

"नोकरी जाईल, सुमे."

"जाऊ दे की. माजा बाप म्हणायचा, कीर्तनात देवाचं नाव घ्यायचं आनि खाली उतरून शेजाऱ्याच्या हिरीत थुकायचं, असल्या टाळकऱ्यापरीस बैल बरा. निदान बैल नाव तरी घेत न्हाई."

मुरलीधर उठला. त्यानं बाहेर जाऊन मोटरीची वायर काढली, गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. परत येऊन जेवायला बसला. "आता त्या ढिगाचं काय करायचं त्ये बी तुज्या बापाला इचार," एवढं म्हणाला, पण जेवला पोटभर.

गुरुपुरब आला. कार्तिकी पौर्णिमा, गुरू नानकांचा जन्मदिवस. पहाटेपासून भोंग्यावर कीर्तन सुरू. सुमित्राला शब्द अर्धेच कळत, पण कीर्तन गाणारा रागी कुठं श्वास घेतो आणि कुठं सूर सोडून देवावर टाकतो, ते तिला पुरतं कळायचं. आंघोळ करून ती लंगरच्या सेवेला गेली. बघते तर कुणी पिऊ नये म्हणून हापशाच्या दांड्याला लाल फडकं बांधलेलं. विहिरींवरही भरवसा उरला नव्हता, लंगरसाठी पाणी शहराच्या टाकीवरून ट्रॅक्टरनं आणलं होतं. ती भांडी घासायच्या रांगेत बसली. शेजारच्या बाईनं आपली परात उचलली आणि दोन हात पलीकडं सरकली. तिच्या पलीकडचीही सरकली. सुमित्रासमोर राखेची एक वाटी तेवढी उरली.

बीजी चुलीपाशी रोट्या भाजत होती. सुमित्रा उठून तिच्यासमोर जाऊन बसली.

"बीजी, भाताची पराली जलाओगी?" पराली म्हणजे कापणीनंतर रानात उरलेला पेंढा.

बीजीनं रोटी उलटली. "क्यों? उसमें भी मुर्गी का गूं डालेगी?"

चुलीभोवतीच्या बाया फिसकन हसल्या. सुमित्रानं मान हलवली. "हां बीजी. वही डालूंगी. मेरेको दे दो सारी." मग मोडक्या हिंदीत, हातवारे करत तिनं सांगितलं. बापाचा उकिरडा. खोल खड्डा, तळाला चिकणमाती चोपून, मग पेंढ्याचा थर, घाणीचा थर, शेणकाल्याचा, राखेचा, मातीचा. वर मातीचा लेप. ज्वर मुरू द्यायचा. माणसाचा मुरतो तसा घाणीचाही मुरतो. आपली चूक हीच झाली, की ताप उतरायच्या आधी तिला रानात नेलं.

"और पानी?"

"पानी बीमार है बीजी. उसका खाना पहले बंद करेंगे. वायर निकाल दी." आणि मग, कशाला कोण जाणे, तिनं नाक्यावरची गोष्टही सांगितली. पोलीस कसा म्हणाला, पी के दिखा.

बीजीच्या हातातली रोटी तव्यावर करपली. "पी लिया?"

"पी लिया."

बीजीनं करपलेली रोटी बाजूला टाकली. सुमित्राकडं न बघता म्हणाली, "पराली जलानीच थी. ले जा. पण माझ्या शेतात पाऊल टाकशील तर उचलण्यापुरतं."

मग सुरू झालं काम. शेडच्या वरच्या अंगाला, चोपासून लांब, सहा खड्डे. पहार, कुदळ, फावडं, आणि दोन माणसं. हाताला फोड, फोडावर फोड. मुरलीधर सकाळी पक्षी सांभाळायचा, दुपारी खणायचा. चिकणमाती गावतळ्यातून पाटीनं आणली, पायानं तुडवून तळाला चोपली. बीजीच्या शेतातला पेंढा भारे बांधून डोक्यावर आणला. मानेत लोखंड भरल्यासारखं व्हायचं. मालकानं फोनवर विचारलं, ढीग गेला का? मुरलीधर म्हणाला, "जातोय साहेब." खोटं नव्हतं.

प्रत्येक खड्ड्यात सुमित्रानं एकेक लोखंडी सळई उभी खुपसली. हीच बापाची रीत. सकाळी उपसायची, टोक मुठीत धरायचं. चटका बसला तर घाण अजून कच्ची. कोमट लागली तर मुरते आहे. बाहेरच्या हवेइतकी गार लागली, की खत झालं. तोवर एक ओंजळही रानात न्यायची नाही.

डिसेंबरात धुकं उतरलं. दोन हातांवरचं दिसेना. एका सकाळी सुमित्रा खड्ड्याशी आली तर धुक्यात एक पांढरी ओढणी. बीजी उकिडवी बसून, उपसलेली सळई दोन्ही तळहातांत धरून शेकत होती.

"बीजी?"

बीजी दचकली नाही. "गुडघे दुखतात. चंडीगडचे साहेब बिजलीवर शेकतात, मी तेरे गूं पे." आणि कितीतरी दिवसांनी ती दातांचं बोळकं दाखवून हसली.

पुढं ती रोजच यायला लागली. सळई धरायची, 'गरम' म्हणायची आणि निघून जायची. रागिणी शाळेला निघताना हात शेकून जायची. तिला कुणी मुर्गीखाना म्हटलं, की म्हणायची, "हमारे पास हीटर है, तेरे पास है?"

आणि मग मावठं आलं. माघ लागायच्या बेतात, भर दुपारी डोंगरावरून काळं आभाळ उतरलं. गारांसकट पाऊस. दोन खड्ड्यांना मातीचा लेप पक्का होता, चार अजून ओले होते. त्या चारांत पाणी शिरलं असतं तर अडीच महिन्यांची घाण लगदा होऊन उतारानं थेट चोमध्ये. जे थांबवायला एवढं खणलं, तेच एका सरीत. मुरलीधर दाण्याची रिकामी पोती टाकत होता, वारा ती उडवून नेत होता. सुमित्रा एका खड्ड्यावर पालथी पडून दोन्ही हातांनी पोती दाबून धरत होती. गारा पाठीत बसत होत्या. एका खड्ड्याच्या कडेनं काळं पाणी झिरपायला लागलेलं तिनं पाहिलं, आणि तिच्या तोंडून पांडुरंगाचं नाव शिवीसारखं बाहेर पडलं.

"हट! परे हट, बंबईवालिए!"

पावसातून दोन माणसं ताडपत्री ओढत येत होती. पुढं बीजी, ओढणी गळ्याला गुंडाळलेली, मागं गुरमेल. ट्रकवरची ताडपत्री ती. श्रावणापासून घडी करून ठेवलेली, तेलकट, जाड, दोन माणसांना न पेलणारी. चौघांनी चार कोपरे धरले. वारा आत शिरला तसा गुरमेल जवळजवळ उचलला गेला. "बेबे, छड ना!" तो ओरडला, सोडू नकोस, असं आईला सांगत होता. बीजीनं कोपरा पायाखाली दाबला, वर धोंडा ठेवला आणि धोंड्यावर स्वतः बसली. पाऊस थांबेपर्यंत ती तिथून उठली नाही. मुरलीधरनं फावड्यानं झिरपणाऱ्या कडेला चर खणून ते काळं पाणी चोकडं जाण्याआधी परत खड्ड्यात वळवलं.

संध्याकाळचं ऊन पडलं तेव्हा चो कोरडा नव्हता, पण त्यातलं पाणी पावसाचं होतं. गढूळ, मातीच्या रंगाचं. काळं नव्हतं. चौघं चिखलात बसून ते बघत राहिली. बीजी थंडीनं कुडकुडत होती. सुमित्रानं सळई उपसली आणि तिच्या हातात दिली. वाफ निघत होती.

चैत्रात एका सकाळी सुमित्रानं पहिल्या खड्ड्याची सळई उपसली. मुठीत धरली. पुन्हा धरली. मग बांधावर जाऊन बीजीपुढं केली. बीजीनं ती गालाला लावली. बराच वेळ लावून ठेवली.

"ठंडी," ती म्हणाली.

खड्डा उकलला तर आत काळीभोर, भुसभुशीत माती. वास पहिल्या नांगरटीचा. बीजीनं मूठभर उचललं, नाकाशी नेलं, पण लगेच तोंड कडक केलं. "गोभी विसरले नाही मी. एक सरी. भेंडीची. बघू." एका सरीची भेंडी कमरेला लागली, शेजारच्या सरीची गुडघ्याला. तेव्हा कुठं तिनं हाक मारली, "पाच पाट्या आण. नाही, दहा." गुरमेलनं ट्रकवरची धूळ पुसली. लांब नाही, पण पंचकुल्याच्या रोपवाटिकेपर्यंत त्याच्या फेऱ्या सुरू झाल्या, मुरल्या खताच्या. मालक दिल्लीहून बघायला आला, गाडीची काच खाली केली, माशी आत आली नाही, म्हणून खूश होऊन गेला. आपण कुठला हुकूम दिला होता, ते त्याला आठवत नव्हतं. मुरलीधरला आठवत होतं. मोटरीची वायर माळ्यावरच राहिली.

आणि हापसा? खोटं कशाला सांगू, त्या वर्षी नाही झालं पाणी गोड. लाल फडकं उन्हानं गुलाबी झालं, मग पांढरट. सुमित्रा दर तीन महिन्यांनी बाटली घेऊन जायची. दोन पावसाळे गेले. तिसऱ्या हिवाळ्यात विनयाताईंनी चिठ्ठी लिहून दिली: पिण्यास हरकत नाही.

फडकं बीजीनं सोडलं. गुरुपुरबच्या पहाटे, सगळ्या गावासमोर. भोंग्यावर कीर्तन चाललं होतं. तिनं स्वतः दांडा मारला, गडवा भरला आणि आधी गुरुद्वाऱ्यात पाठ वाचणाऱ्या ग्रंथींकडं नाही, सरपंचाकडं नाही, सुमित्रासमोर धरला. डोळे बारीक केले.

"पी के दिखा, बंबईवालिए."

सुमित्राला हसूही आलं आणि रडूही. तिनं ओंजळ पुढं केली आणि प्यायली. गार होतं. गोड होतं. मग ती भांड्यांच्या रांगेत जाऊन बसली, आणि शेजारच्या बाईनं आपली परात तिच्याकडं सरकवली.

उदबत्ती विझत आली, मंडळी. सुमित्रा नि मुरलीधर पुढं गावी परतले, रागिणीनं मराठीत भांडायला शिकून घेतलं. बीजी आता नाही. गुडघ्यांनी तिला शेवटपर्यंत छळलं. तुमच्याकडं एवढंच मागणं आहे. कुठं परक्या गावात कुणी तुम्हाला हापशाचं पाणी देईल, तेव्हा पिण्याआधी दोन थेंब मातीवर सोडा, आणि गारांच्या पावसात परक्याच्या उकिरड्यावर धोंडा होऊन बसलेल्या त्या म्हातारीची, बचिंत कौरची, आठवण काढा.